नर्व्ह एजंटची विषबाधा: ओळखायची कशी, उपचार कुठल्या क्रमाने करायचे आणि त्यावरचा रिसर्च वाचायचा कसा

पहिलं एक सांगून टाकतो. नर्व्ह एजंट म्हणजे नसांवर हल्ला करणारं, रासायनिक शस्त्र म्हणून वापरलं जाणारं विष. नर्व्ह एजंटच्या पेशंटमध्ये ज्या टेस्टची आपण वाट बघत बसतो तिचा रिपोर्ट हातात येईपर्यंत पेशंटचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून निदान बेडपाशीच करायचं, डोळ्यांनी, कानांनी आणि सक्शनच्या नळीने. लॅबचं काम वेगळं आहे आणि तेही महत्त्वाचं आहे, पण ते नंतरचं. हा सगळा विषय वेळेचा आहे, कुठलं औषध किती मिनिटांच्या आत चालतं आणि कुठली टेस्ट किती दिवसांपर्यंत काही सांगू शकते, एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप जागेवर पडतं.

हे लिहिलंय मेडिकल-नर्सिंगचे विद्यार्थी, कॅज्युअल्टीत ड्युटी करणारे, ॲम्ब्युलन्सवर काम करणारे आणि ज्यांना या विषयावरचे पेपर वाचायचेत त्यांच्यासाठी. डोस दिलेत ते कल्पना यावी म्हणून, प्रत्यक्ष पेशंटला तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल आणि सिनियर काय म्हणतात तेच लागू. आणि घरी बसून कुणाला असलं काही झाल्याची शंका आली तर हे वाचत बसू नका, मोकळ्या हवेत या, कपडे काढा आणि इमर्जन्सीला फोन करा.

आता आत नेमकं काय होतं ते थोडक्यात. आपल्या नसांच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देतं आणि काम झालं की ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम त्याला लगेच तोडून टाकतं. नर्व्ह एजंट त्या एन्झाइमलाच घट्ट चिकटतं. मग वरून नळ चालू आणि मोरीचं तोंड तुंबलेलं अशी अवस्था होते, ॲसिटिलकोलीन साठत जातं आणि निरोप थांबतच नाही. ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू आधी फडफडतात मग थकून ढिले पडतात, मेंदूत झटके सुरू होतात आणि श्वास बंद पडतो. शेतीतली ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं अगदी हेच करतात, फक्त सावकाश आणि कमी ताकदीने. टॅबून हे पहिलं नर्व्ह एजंट १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशकं शोधत असतानाच सापडलं, मग १९३८ मध्ये सरीन, १९४४ मध्ये सोमान, १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये व्हीएक्सची मंडळी आणि नंतर सोव्हिएत काळातली नोविचोक. ज्याने ओपी (म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट) पॉयझनिंगचे पेशंट सांभाळलेत त्याला नर्व्ह एजंटचा अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो. उरलेला अर्धा म्हणजे वेग.

ओळखायचं कसं

शिकवताना एक लांबलचक यादी पाठ करून घेतात, लाळ, अश्रू, लघवी, जुलाब, पोटात कळा, उलटी. यादी चूक नाही पण ती पाठ करून पेशंट ओळखता येईलच असं नाही, कारण विष कुठल्या वाटेने गेलंय त्यावर क्रम बदलतो. वाफ लागली असेल तर सगळ्यात आधी डोळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंधुक दिसतं, अंधारून आल्यासारखं वाटतं, डोळ्यामागे दुखतं, नाक गळायला लागतं, छाती आवळते, आणि हे काही सेकंदांत ते मिनिटांत. द्रव कातडीवर पडला असेल तर गोष्ट उलटी, आधी त्या जागेवर घाम आणि स्नायूंची बारीक थरथर, मग मळमळ-उलटी, बाहुल्या शेवटी बारीक होतात किंवा होतही नाहीत. व्हीएक्ससारखं जड एजंट कातडीवर थोडंसं लागलं असेल तर लक्षणं यायला १८ तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे असा माणूस ‘मला काही होत नाहीये’ म्हणाला तरी त्याला घरी सोडायचं नाही.

माझ्या मते तीन गोष्टी एकत्र दिसल्या की थांबायचं नाही: बारीक बाहुल्या, भरपूर पाझर (लाळ, नाक, घाम, छातीत घरघर) आणि कातडीखाली स्नायूंची किडे वळवळल्यासारखी थरथर. तिसरी गोष्ट लोक बघायला विसरतात, पापण्या, मांड्या, पोटऱ्या उघड्या करून नीट बघा. नाडीवर जास्त भरवसा ठेवू नका, पुस्तकात मंद लिहिलेली असते पण प्रत्यक्षात जलदही असते, कारण त्याच वेळी नाडी वाढवणारे दुसऱ्या बाजूचे (निकोटिनिक) रिसेप्टरही पेटलेले असतात.

बारीक बाहुल्या आणि बेशुद्ध पेशंट म्हटलं की पहिला संशय अफूजन्य औषधांच्या ओव्हरडोसवर जातो, आणि ते स्वाभाविक आहे. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत बाकावर बेशुद्ध सापडलेल्या दोघांबद्दलही सुरुवातीला तसंच वाटलं होतं, नोविचोक असेल हे कुणाच्या डोक्यात येणार! फरक असा की ओपिऑइडचा पेशंट कोरडा असतो, शांत असतो, थरथर नसते आणि नॅलोक्सोन या त्याच्या उताऱ्याने उठतो. ओला आणि थरथरणारा पेशंट नॅलोक्सोनने उठला नाही तर दिशा बदला. अजून एक खूण म्हणजे संख्या, एकाच जागेवरून एकाच वेळी चार-पाच जण डोळ्यांची आणि श्वासाची तक्रार घेऊन आले तर ते योगायोगाने आजारी पडलेले नसतात.

आधी स्वतःला, मग कपड्यांना

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक उडी मारून थेट ॲट्रोपिन या मुख्य औषधावर जातात. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडलं गेलं तेव्हा सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमध्ये पहिल्या दिवशी ६४० जण आले, त्यातले बरेचसे ॲम्ब्युलन्सने नाही तर पायी, टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने. म्हणजे बाहेर कुणी धुऊन-पुसून पाठवेल ही अपेक्षाच चूक. कपडे तसेच, पेशंट आत, आणि नंतर स्टाफचा सर्व्हे केला तर सुमारे २३ टक्के लोकांना स्वतःला त्रास झाला होता. सगळ्यात जास्त त्रास झाला हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये काम करणाऱ्यांना, तिथे पेशंट झोपवले होते आणि हवा खेळती नव्हती. एवढ्यावरून प्रॅक्टिकल धडा काय घ्यायचा तर पेशंट शक्यतो बाहेर मोकळ्यावर घ्या, दारं-खिडक्या उघडा, आणि दारातच कपडे उतरवा.

कपडे उतरवणं हे ‘एवढंच?’ वाटणारं काम आहे पण अंगावरचा बहुतांश माल त्यानेच जातो, ब्रिटन-अमेरिकेतल्या सध्याच्या गाइडलाइन्स त्यावरच उभ्या आहेत. डोक्यावरून ओढून काढू नका, कापा, म्हणजे चेहऱ्यावर लागणार नाही. मग कोरड्या शोषक कापडाने, टिश्यूने टिपून घ्या (घासू नका, टिपा), मग भरपूर पाण्याने धुवा, केस विसरू नका. सैन्याकडे रिॲक्टिव्ह स्किन डिकॉन्टॅमिनेशन लोशन नावाचं लोशन असतं, ते कातडीवरचं एजंट निष्प्रभ करतं, पण ते हाताशी नाही म्हणून थांबण्यात काही अर्थ नाही. कपडे दुहेरी पिशवीत, वर नाव आणि वेळ लिहून. नेहमीचे पातळ लॅटेक्स ग्लोव्ह्ज इथे पुरत नाहीत, ब्यूटाइल किंवा जाड नायट्राइल लागतात, आणि साधा सर्जिकल मास्क वाफेसमोर काहीच करत नाही.

फक्त वाफ लागलेल्या माणसाला अंघोळ घालत बसून ॲट्रोपिनला उशीर करणं हा दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा. पेशंट गुदमरत असेल तर दोन्ही एकदम चालू द्या.

ॲट्रोपिन: किती नाही, कुठपर्यंत

ॲट्रोपिन एन्झाइमला सोडवत नाही, ते फक्त मस्करिनिक रिसेप्टरवर (ग्रंथींवर ॲसिटिलकोलीन जिथे निरोप देतं त्या जागी) जाऊन बसतं आणि पाझर थांबवतं. पण जीव वाचवणारं औषध तेच, कारण पेशंट स्वतःच्याच पाझरात बुडत असतो. मोठ्या माणसाला सुरुवात २ ते ६ मिलिग्रॅम, तीव्रतेप्रमाणे, लहान मुलांना साधारण ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो, आणि मग दर ५-१० मिनिटांनी बघत पुढे. ओपी पॉयझनिंगमध्ये जी पद्धत रुळली ती दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जायची आणि परिणाम साधला की इन्फ्युजन (शिरेतून सलग थेंब) लावायचं. बांगलादेशात २०१२ मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये अशी वाढती बोलस (एकदम दिलेला डोस) अधिक इन्फ्युजनची पद्धत आणि जुनी ठरावीक बोलसची पद्धत समोरासमोर ठेवली, मृत्यू अनुक्रमे ८ टक्के आणि साडेबावीस टक्के. औषध तेच, फक्त देण्याची रीत वेगळी! मला तर हा या विषयातला सगळ्यात उपयोगी पेपर वाटतो, त्यात नवीन रेणू नाही, महाग मशीन नाही.

थांबायचं कुठे? छाती स्वच्छ वाजली पाहिजे, घरघर-शिट्टी गेली पाहिजे, नाडी ८० च्या वर, सिस्टोलिक बीपी ८० च्या वर. बाहुल्या बघून थांबायचं नाही. वाफेमुळे बारीक झालेल्या बाहुल्या शिरेतल्या ॲट्रोपिनला फारशी दाद देत नाहीत, त्यांच्या मागे लागलात तर पेशंटला ॲट्रोपिनचीच विषबाधा कराल, बडबड, ताप, पोट फुगणं वगैरे. डोळा फार दुखत असेल तर बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यातच घाला. नाडी जलद आहे म्हणून ॲट्रोपिन रोखू नका, ऑक्सिजन देत देत चालू करा.

कीटकनाशकाच्या केसमध्ये ॲट्रोपिन शेकडो मिलिग्रॅमपर्यंत जातं, काही वेळा त्याहूनही पुढे, कारण विष पोटात आणि चरबीत साठून दिवसेंदिवस सुटत राहतं. नर्व्ह एजंटमध्ये बहुतेक वेळा एकूण २० मिलिग्रॅमच्या आसपासच भागतं, मात्र तेवढं पहिल्या काही मिनिटांत-तासांत लागतं. साठा ठरवणाऱ्यांनी दोन्हीची गल्लत करू नये.

श्वासाची ट्यूब टाकायची वेळ आली तर स्नायू ढिले करणारं सक्सिनिलकोलीन टाळा. ते ज्या ब्यूटिरिलकोलिनेस्टरेजने तुटतं तेच एन्झाइम इथे बंद पडलेलं आहे, मग पाच मिनिटांचं औषध तासन् तास बसतं. रोक्युरोनियम वापरतात, डोस जरा जास्त लागू शकतो.

ऑक्झाइम आणि त्याची खिडकी

ऑक्झाइम, म्हणजे आपल्या वॉर्डातलं पॅम, प्रॅलिडॉक्झाइम. कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या विल्सन आणि गिन्सबर्ग यांनी १९५५ मध्ये ते पुढे आणलं. हे औषध एन्झाइमला चिकटलेलं एजंट उपटून काढतं आणि एन्झाइम परत कामाला लागतं. ॲट्रोपिनचा स्नायूंवर काही परिणाम नाही, त्यामुळे ढिला पडलेला श्वासपटल पुन्हा चालायचा तर आशा ऑक्झाइमचीच. १ ते २ ग्रॅम, १५-३० मिनिटांत सावकाश. घाईने ढकललं तर बीपी चढतं, स्वरयंत्र आवळू शकतं. ऑटोइंजेक्टरमध्ये २.१ मिलिग्रॅम ॲट्रोपिन आणि ६०० मिलिग्रॅम प्रॅलिडॉक्झाइम एकत्र येतं, मांडीत कपड्यावरूनही टोचता येतं.

अडचण आहे ‘एजिंग’ची. एजंट एन्झाइमला चिकटल्यावर काही वेळाने त्याचा एक तुकडा गळतो आणि मग ती गाठ कायमची, कुठलंही ऑक्झाइम ती सोडवू शकत नाही. हा वेळ एजंटप्रमाणे बदलतो: सोमानला दोन ते सहा मिनिटं, सरीनला साधारण पाच तास, टॅबूनला बारा तासांच्या वर, व्हीएक्सला एक दिवसाहून जास्त. सोमानचा आकडा परत वाचा. त्यात टोचायलाच वेळ मिळत नाही, म्हणूनच पायरिडोस्टिग्मिनची गोळी आली. ती आधी घ्यायची असते, ३० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, ती थोडं एन्झाइम तात्पुरतं अडवून ठेवते आणि ते सोमानच्या हाती लागत नाही, नंतर आपोआप सुटतं. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन सैनिकांना दिली गेली, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी संस्था) २००३ मध्ये सोमानसाठी मंजूर केली. विषबाधा झाल्यावर ती घेणं म्हणजे आगीत तेल. आणि ती घेऊनही नंतर ॲट्रोपिन-ऑक्झाइम लागतंच, नुसत्या गोळीने काही होत नाही.

कुठलं ऑक्झाइम चांगलं याचं एकच उत्तर नाही. जर्मनी वगैरे देशांत ओबिडॉक्झाइम, सोमानसमोर एचआय-६ जास्त बरं, टॅबूनची गाठ सगळ्यांनाच जड जाते. मेंदूत ही सगळी फार कमी शिरतात कारण रेणूवर विद्युतभार असतो, म्हणून विनाभार ऑक्झाइम बनवायचा रिसर्च बरीच वर्षं चालू आहे, आरएस१९४बी हे त्यातलं एक नाव पेपरांत भेटेल.

आता गंमत बघा. बारामतीला झालेली आणि २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेली ट्रायल, ओपी पॉयझनिंगचे २०० पेशंट, सगळ्यांना आधी २ ग्रॅम लोडिंग आणि मग एका गटाला ४८ तास ताशी १ ग्रॅम सलग, दुसऱ्याला दर चार तासांनी १ ग्रॅम. मृत्यू १ टक्का विरुद्ध ८ टक्के. वाचून वाटतं संपला विषय, पॅम जोरात द्या. मग २००९ मध्ये श्रीलंकेतली ट्रायल आली, २३५ पेशंट, पॅम विरुद्ध प्लासिबो (ज्यात औषधच नाही असं द्रावण), आणि मृत्यू पॅमच्या गटात २४.८ टक्के, प्लासिबोत १५.८! फरक योगायोगाचा असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती, पण फायदा तर कुठेच दिसला नाही, आणि हे रक्तातलं एन्झाइम स्पष्ट सुधारलेलं दिसत असताना. म्हणजे लॅबचा आकडा सुधारला आणि पेशंट सुधारला नाही. पेशंट किती गंभीर होते, किती लवकर पोचले, कुठलं कीटकनाशक होतं, सगळंच वेगळं. मग नर्व्ह एजंटला पॅम द्यायचं की नाही? द्यायचं, आणि लवकर, कारण कीटकनाशकासारखं विष पोटातून दिवसभर परत परत येत नाही, एकदा सोडवलेलं एन्झाइम पुन्हा अडकण्याची शक्यता कमी. पण हे म्हणणं प्राण्यांवरच्या प्रयोगांवर आणि तर्कावर उभं आहे, माणसांवरच्या ट्रायलवर नाही.

झटके

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि सगळ्यात जास्त नवीन काम पण इथेच चाललंय. मॅकडोना आणि शी यांनी १९९७ मध्ये मांडलेला हिशेब अजून वापरतात: पहिली पाचेक मिनिटं झटका निव्वळ ॲसिटिलकोलीनमुळे, तेव्हा ॲट्रोपिनसारखी औषधं सुद्धा थांबवू शकतात, मग साधारण चाळीस मिनिटांपर्यंत मिश्र अवस्था आणि त्यापुढे ग्लुटामेट या मेंदू चेतवणाऱ्या रसायनाचा कारभार, तेव्हा मूळ विष बाजूला राहतं आणि मेंदू स्वतःच जळत राहतो. त्यात भर म्हणजे झटका लांबला की बेंझोडायझेपिन ही झटके थांबवणारी औषधं (बेंझो) ज्या रिसेप्टरवर बसतात ते पेशीच्या आत ओढले जातात आणि औषध लागू पडत नाही. म्हणून गंभीर पेशंटला झटका दिसायची वाट न बघता बेंझो देतात.

डायझेपाम हे जुनं, पण स्नायूत दिलं तर शोषण बेभरवशाचं. मिडाझोलाम स्नायूतून पटकन चढतं. २०१२ च्या रॅम्पार्ट ट्रायलमध्ये (साध्या एपिलेप्सीच्या पेशंटवर, नर्व्ह एजंटच्या नाही) ॲम्ब्युलन्समध्ये मिडाझोलाम स्नायूत टोचलेल्यांपैकी ७३.४ टक्के लोकांचे झटके हॉस्पिटलला पोचेपर्यंत थांबले होते, शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत ६३.४. लोराझेपाम वाईट औषध आहे असं नाही, शिर शोधण्यात वेळ जातो. फेनिटॉइन हे झटक्यांचं नेहमीचं औषध इथे चालत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका. बेंझोसोबत लवकर केटामिन जोडण्यावर, ग्लुटामेटचे रिसेप्टर अडवणाऱ्या टेझाम्पॅनेलसारख्या औषधांवर प्राण्यांमध्ये काम झालंय आणि निकाल आशादायक आहेत.

एक फसवी गोष्ट, स्नायू लुळे पडले की झटका बाहेरून दिसत नाही पण मेंदूत चालू असू शकतो. व्हेंटिलेटरवरचा पेशंट ‘शांत’ दिसतोय म्हणून निश्चिंत होऊ नका, ईईजी लावता आला तर लावा.

लॅबकडून काय मागायचं

सगळ्यात सोपी टेस्ट कोलिनेस्टरेजची, आणि मूळ पद्धत अजूनही एलमनची, १९६१ ची, एन्झाइम चालू असेल तर पिवळा रंग येतो आणि तो मोजायचा. दोन एन्झाइम मोजतात. लाल पेशींमधलं ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे नसांमधल्या एन्झाइमचं जवळचं प्रतिबिंब. प्लाझ्मातलं ब्यूटिरिलकोलिनेस्टरेज मोजायला सोपं, जास्त ठिकाणी मिळतं, पण लिव्हरचा आजार, गरोदरपण, जन्मजात कमतरता अशा कशानेही ते कमी येतं. बेडपाशी बोटातल्या थेंबावर चालणारी टेस्ट-मेटसारखी छोटी मशीन्सही आहेत.

रिपोर्ट वाचताना दोन खड्डे. एक, नॉर्मल रेंज इतकी रुंद आहे की एखाद्याचं स्वतःचं एन्झाइम निम्म्यावर आलं तरी कागदावर तो नॉर्मलच्या आसपास दिसू शकतो. म्हणून ज्यांचं कामच अशा रसायनांशी आहे त्यांचा बेसलाइन (निरोगी असतानाचा आकडा) आधीच काढून ठेवतात. दोन, वाफेने फक्त डोळे आणि नाक धरलं असेल तर रक्तातलं एन्झाइम पूर्ण नॉर्मल येऊ शकतं आणि तरी माणसाला खरोखर विषबाधा झालेली असते. अंगभर गंभीर लक्षणं साधारण लाल पेशींचं एन्झाइम २०-२५ टक्क्यांच्या खाली गेलं की दिसतात.

सॅम्पल घेताना: शक्यतो ऑक्झाइमच्या आधी एक नळी (पण त्यासाठी ऑक्झाइम थांबवू नका), ईडीटीएमध्ये, लगेच बर्फावर. नळीतही विष, एन्झाइम आणि औषध यांचं झगडणं चालूच असतं, टेबलावर दोन तास पडलेल्या नळीचा आकडा पेशंटचा राहत नाही, नळीचा होतो. सोबत लघवी पण ठेवा, नाव, वेळ, सह्या सगळं जागच्या जागी, कारण ही पुढे कोर्टात जाणारी गोष्ट आहे.

‘कुठलं एजंट होतं’ हे साध्या कोलिनेस्टरेजवरून कळत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री लागते, आणि इथला रिसर्च मला फार सुंदर वाटतो. लघवीत एजंटचे तुटलेले तुकडे सापडतात, सरीनचा आयसोप्रोपिल मिथाइलफॉस्फोनिक ॲसिड, पण ते काही दिवसांत धुऊन जातात. जास्त टिकाऊ पुरावा म्हणजे प्रोटीनला चिकटलेलं एजंट. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या टीएनओच्या संशोधकांनी फ्लोराइड वापरून रक्तातल्या एन्झाइमवरून चिकटलेलं सरीन परत सोडवून दाखवलं, टोकियोच्या पेशंटच्या साठवलेल्या रक्तातूनसुद्धा. त्यात एक मर्यादा, एजिंग झालेलं एजंट असं सुटत नाही. मग पुढची पद्धत आली, ब्यूटिरिलकोलिनेस्टरेजला पेप्सिन या दुसऱ्या एन्झाइमने कापून त्यातला नऊ अमिनो ॲसिडचा तुकडा काढायचा, १९८ नंबरच्या सिरीनवर काय चिकटलंय ते बघायचं. एजिंग झालेलं असलं तरी यात दिसतं, फक्त तेव्हा एजंटची पूर्ण ओळख पटत नाही. अल्ब्युमिनच्या ४११ नंबरच्या टायरोसिनवरही खूण राहते, ती तर एजिंगही होत नाही आणि ऑक्झाइमनेही सुटत नाही. असली कामं सगळीकडे होत नाहीत, हेगच्या ओपीसीडब्ल्यूने (रासायनिक शस्त्रबंदीवर लक्ष ठेवणारी संस्था) मान्यता दिलेल्या ठरावीक लॅब आहेत. २०२० मध्ये रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा डॉक्टरांनी लक्षणं आणि पडलेलं कोलिनेस्टरेज यावरून उपचार सुरू केले, नोविचोकचं नाव स्पेशल लॅबमधून नंतर आलं. क्रम हाच असतो.

पेपर हातात आला की

या विषयात माणसांवर मुद्दाम प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत. म्हणून एफडीएने २००२ मध्ये ॲनिमल रूल आणला: परिणाम प्राण्यांमध्ये दाखवा, सुरक्षितता माणसांमध्ये. वर सांगितलेली पायरिडोस्टिग्मिन त्याच नियमाखाली मंजूर झालेली पहिली. त्यामुळे बहुतेक पेपर उंदीर, गिनीपिग, माकडांचे असतात, आणि तिथे मी आधी एकच आकडा शोधतो, औषध एक्स्पोजरनंतर किती मिनिटांनी दिलं. एका मिनिटाने दिलेलं औषध शंभर टक्के प्राणी वाचवतं यात मला रस नाही, खरा पेशंट एका मिनिटात कुणाच्या हाती लागत नाही. ३०-४० मिनिटांनी देऊनही काही फरक पडला असेल तर पेपर पुढे वाचा. मग कुठलं एजंट ते बघा, कारण सरीनचा निकाल सोमानला लागू नाही. मग प्राणी कुठला, उंदरांच्या रक्तात कार्बॉक्सिलेस्टरेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं जे एजंटला वाटेतच गिळतं, माणसाच्या प्लाझ्मात ते नाही, त्यामुळे उंदीर आपल्यापेक्षा बरेच दणकट निघतात. आणि शेवटी, प्राणी जगला एवढंच मोजलंय की मेंदूचे स्लाइड आणि वागणूक पण बघितली आहे?

बायोस्कॅव्हेंजरचे पेपर खूप दिसतील. कल्पना छान आहे, रक्तात बाहेरून ब्यूटिरिलकोलिनेस्टरेज सोडायचं आणि त्याने एजंटला नसांपर्यंत पोचायच्या आधीच पकडायचं. पण एक रेणू एकच रेणू पकडतो, म्हणजे माणशी शेकडो मिलिग्रॅम प्रोटीन लागतं, ते मानवी प्लाझ्मातून काढायचं म्हणजे प्रचंड खर्च. म्हणून आता एजंटला तोडत तोडत पुढे जाणारी एन्झाइम्स बनवताहेत, बॅक्टेरियातलं फॉस्फोट्रायएस्टरेज, माणसातलं पीओएन१ बदलून वगैरे. ती पण आधी द्यायची किंवा अगदी लवकर द्यायची औषधं, झटके सुरू झालेल्या पेशंटला त्यांचा उपयोग मर्यादित.

पेशंट वाचला की

पाझर थांबला, ट्यूब निघाली, तरी दोन-चार दिवस मान उचलता येते का, श्वास उथळ होतोय का बघत राहा. ओपी पॉयझनिंगमध्ये २४ ते ९६ तासांत मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडण्याचा जो प्रकार १९८७ मध्ये श्रीलंकेतून मांडला गेला तो कीटकनाशकात जास्त दिसतो, पण मान उचलायला सांगायला पैसे पडत नाहीत. घरी सोडताना सांगायचं ते असं की अंधुक दिसणं काही आठवडे राहू शकतं, रात्री गाडी नको, झोप-एकाग्रता बिघडली किंवा त्या जागी जायची भीती वाटायला लागली तर लाजू नका, टोकियोच्या वाचलेल्यांमध्ये डोळ्यांच्या आणि मनाच्या तक्रारी कित्येक वर्षं राहिल्या. लाल पेशींचं एन्झाइम दिवसाला साधारण एक टक्क्यानेच भरून येतं, नव्या पेशी तयार होतील तसं, म्हणजे तीन-चार महिने धरा. तोवर कीटकनाशकाची फवारणी बंद, आणि डिस्चार्ज कार्डवर मोठ्या अक्षरात लिहा की या काळात कुठलंही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे कार्ड आधी दाखवायचं.